एकत्र कुटुंब की वेगळ्या चुली?

एक काळ असा होता, की आखातातून सुट्टीवर आलेला माणूस विमानतळावर ओळखू यायचा तो त्याच्या हातातल्या टू-इन-वनवरून. रेडिओ आणि कॅसेट प्लेयर एकाच डब्यात, वर उचलायला दांडी, आणि खोका दोरीने करकचून बांधलेला. कोकणातल्या कितीतरी घरांत हा डबा दुबईहून आला आणि पुढे वर्षानुवर्षं विणलेल्या रुमालाखाली मानाने बसला. बर दुबईच्या अल फहिदी रस्त्यावरच्या दुकानांनी महाराष्ट्राला गाणी ऐकवली, असं म्हटलं तर ती फार मोठी अतिशयोक्ती होणार नाही.

आज चित्र उलटं आहे. गावाकडे सगळं मिळतं, दुबईच्या खोक्याची वाट कोणी पाहत नाही. आणि इथे, आपल्या करामा, शारजा, अबू धाबीच्या फ्लॅटमध्ये? भिंतीवर भलामोठा टीव्ही असतो, स्वयंपाकघरात हवी ती यंत्रं असतात, पण भीमसेनजींचा अभंग मात्र फोनच्या तळाशी असलेल्या नखाएवढ्या स्पीकरमधून केविलवाणा बाहेर पडत असतो. मग कधीतरी एखाद्याला हे सलतं आणि मंडळाच्या कार्यक्रमानंतर चहाच्या कपाबरोबर प्रश्न येतो, "गाण्यासाठी चांगलं काहीतरी घ्यायचं म्हणतोय. सगळं एका डब्यात असतं ते घेऊ, की वेगवेगळे घटक?"

प्रश्न साधा वाटतो, पण आपल्या लोकांच्या परिचयाचा आहे. एकत्र कुटुंब की वेगळ्या चुली, हाच तो वाद. त्यात दोन्ही बाजूंचे वकील इतके कडवे असतात, की मधल्यामध्ये गाणं ऐकायचंच राहून जातं. म्हणून दोन्ही बाजू नीट तपासून पाहू.

आधी डब्यात असतं काय ते पाहू. आपल्या इमारतीतल्या पाण्याचं उदाहरण घ्या. कुठेतरी टाकी असते, वर पाणी चढवणारा पंप असतो आणि घरात नळ असतो. गाण्याचंही तसंच. रेकॉर्ड प्लेयर, सीडी प्लेयर किंवा इंटरनेटवरून गाणी आणणारा स्ट्रीमर ही टाकी. प्री-अ‍ॅम्प्लिफायर हा नळ. कुठल्या टाकीतलं पाणी घ्यायचं आणि किती सोडायचं हे तो ठरवतो. पॉवर अ‍ॅम्प्लिफायर हा पंप. स्पीकरचा पडदा हलवण्याची ताकद तो पुरवतो. नळ आणि पंप एका डब्यात आले की त्याला इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. त्यातच टाकीही कोंबली की झालं ऑल-इन-वन. तिन्ही वेगळे ठेवले की सेपरेट्स. म्हणजे प्रश्न दोन पर्यायांचा नसून तीन पर्यायांचा आहे, आणि दुकानात गोंधळ होतो तो बहुतेक इथेच.

सुट्या घटकांचा पंथ जुना आणि प्रतिष्ठित आहे. इंग्लंडच्या क्वाड कंपनीने १९६७ मध्ये ३३ नावाचा प्री आणि ३०३ नावाचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर काढला. ती जोडी इतकी नावाजली गेली, की २०२४ मध्ये त्याच नावांनी कंपनीने नवी जोडी बाजारात आणली. हा पंथ विलायतेपुरताच नाही बरं का. आपल्या पुण्याच्या केडन्सने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर आणि इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्याचे स्पीकर बनवले, आणि बेळगावच्या नॉर्जने इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायरही बनवले, सुटे प्री आणि पॉवरही. कुंदा आणि मांडे यांच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात हाय-फाय अ‍ॅम्प्लिफायर तयार होतात, हे आपल्यातल्या बेळगावकरांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं.

या पंथाचा युक्तिवाद असा. रेकॉर्डवरून फिरणाऱ्या सुईतून जेमतेम पाच हजारांश व्होल्टचा संदेश निघतो. तोच पुढे आठ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट द्यायचे म्हटले तर २० व्होल्टपर्यंत न्यावा लागतो, म्हणजे चार हजार पट. इतका नाजूक संदेश आणि इतका धसमुसळा पंप एकाच घरात नांदवायचे म्हणजे बाळंतिणीच्या खोलीशेजारी पिठाची गिरणी. ट्रान्सफॉर्मरची घरघर नाजूक भागात शिरते, पंपाने एकदम जोर मागितला की नळाचाही दाब हलतो. म्हणून वेगळे डबे, वेगळे ट्रान्सफॉर्मर. शिवाय एक घटक बिघडला तर तेवढाच दुरुस्तीला जातो, एक सुधारायचा तर तेवढाच बदलता येतो. आपल्या गणेशोत्सवात हॉलवर लागणारी ध्वनियंत्रणा पाहा. मिक्सर वेगळा, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा, स्पीकर वेगळे. आरतीच्या ऐन वेळी एक बंद पडला तर दुसरा लावता येतो.

युक्तिवाद खोटा नाही, पण अर्धा आहे. हॉल पाचशे माणसांचा असतो, आपला दिवाणखाना पाच माणसांचा. आणि गिरणी-बाळंतिणीची अडचण चांगल्या अभियंत्यांनी एका डब्यातही केव्हाच सोडवली आहे. १९७८ मध्ये एनएडी कंपनीचा ३०२० हा अ‍ॅम्प्लिफायर आला. कागदावर फक्त २० वॅट, दिसायला राखाडी आणि ओबडधोबड, किंमत बेताची. तरीही त्याने भल्याभल्या महागड्या यंत्रांना खाली मान घालायला लावली आणि तो जगभर अफाट खपला. त्याची एक गंमत फार बोलकी आहे. मागच्या बाजूला नळ आणि पंप यांना जोडणाऱ्या धातूच्या छोट्या दांड्या होत्या. त्या उपसल्या की एका यंत्राची दोन होत. आज एकत्र राहा, उद्या मोठा पंप घ्यावासा वाटला तर घ्या, नळ तोच ठेवा. एकत्र कुटुंबात राहून वेगळ्या चुलीची सोय ठेवणारा असा समंजस सासरा विरळाच.

सुट्या घटकांचा दुसरा खर्च कोणी मोजत नाही. तीन डबे म्हणजे तीन पत्र्याच्या पेट्या, तीन वीजपुरवठे, मधल्या वायरी आणि ते सगळं ठेवायला फर्निचर. तेवढ्याच पैशांत घेतलेल्या इंटिग्रेटेडमध्ये पत्र्यावरचा खर्च वाचतो आणि तो आतल्या मालावर पडतो. फार वरच्या किमतीला हे गणित बदलतं, पण आपल्यापैकी बहुतेकांचं अंदाजपत्रक मुलांच्या शाळेच्या फीनंतर सुरू होतं, हे विसरून चालणार नाही.

आता ताकदीबद्दल. दुकानदार वॅटचे आकडे तोंडावर फेकतो आणि आपण दबतो. हिशोब करून पाहू. साधारण स्पीकर एका वॅटला, एक मीटरवर, ८७ डेसिबल आवाज देतो. आपण सोफ्यावर, तीनेक मीटरवर बसून ऐकतो तो आवाज असतो सत्तर ते पंचाहत्तर डेसिबल. यासाठी सरासरी पाव वॅटही लागत नाही. तबल्याची जोरकस थाप आली तर क्षणभर पाच-दहा वॅट. ५० वॅटऐवजी १०० वॅटचं यंत्र घेतलं तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त तीन डेसिबलने वाढतो, आणि तो शेजारच्या फ्लॅटलाच जास्त जाणवतो.

शिवाय आपण ऐकतो काय? माडगूळकर आणि बाबूजींचं 'गीतरामायण' १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झालं. ५६ गीतांसाठी अख्खा महाराष्ट्र रेडिओसमोर बसला तेव्हा समोर एक लाकडी खोकं आणि त्यात एक स्पीकर होता. ऑल-इन-वनचा याहून मोठा विजय कुठला? आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांपैकी पुष्कळ मोनो आहेत. त्यांना भव्य यंत्रणेची गरज नसते, प्रामाणिक यंत्रणेची असते.

प्रामाणिकपणा कसा ओळखायचा? त्यासाठी आपल्या संगीतातच उत्तम कसोट्या आहेत. दुकानात गेलात की विक्रेता त्याची ठरावीक इंग्रजी गाणी लावतो. त्याला विनम्रपणे थांबवा आणि आपलं एखादं ख्यालाचं ध्वनिमुद्रण लावायला सांगा. पहिली दोन मिनिटं फक्त तानपुरा ऐका. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्यातून एकावर एक स्वरांची वलयं उमटतात. चांगल्या यंत्रावर ती मोजता येतील इतकी सुटी ऐकू येतात, वाईटावर नुसती गुणगुण. मग डग्ग्याकडे लक्ष द्या. घुमारा सुरू होतो, वळतो आणि थांबतो. तो वेळेवर थांबला पाहिजे. लोळत राहिला तर पंपाचा स्पीकरवर ताबा नाही, किंवा स्पीकरच ढिसाळ आहे. तिसरं, पेटी आणि गळा एकाच स्वरावर असताना दोन्ही वेगळे ओळखू येतात का ते पाहा. वसंतराव देशपांड्यांची एखादी तान यासाठी पुरेशी आहे. आणि शेवटी, गाणं थांबवून आवाजाची कळ नेहमीच्या जागी ठेवा आणि शांतता ऐका. घरघर ऐकू आली तर ती घरी रात्री अकरा वाजता दुप्पट ऐकू येईल.

या चार कसोट्या लावल्या तर, माझ्या मते, एका पातळीच्या पुढे इंटिग्रेटेड आणि सुटे घटक यांच्यातला फरक कमी होत जातो आणि स्पीकरमधला फरक वाढत जातो. पैशांचा निम्मा भाग स्पीकरवर खर्च करा, हा जुना सल्ला अजूनही खरा आहे.

मग सगळंच एकत्र का नको? ऑल-इन-वन आजकाल खरोखर सुंदर झाले आहेत. नेम कंपनीच्या २००९ च्या युनिटीमध्ये अ‍ॅम्प्लिफायर, सीडी प्लेयर, रेडिओ आणि नेटवर्क, सगळं एका डब्यात होतं. त्यानंतर केंब्रिज ऑडिओच्या इव्होसारखी देखणी यंत्रं आली. दोन स्पीकर जोडा, वायफाय द्या, गाणी सुरू. आवाजाबद्दल तक्रार करायला फारशी जागा नाही. माझी तक्रार वेगळी आहे, आणि या लेखात सांगण्यासारखं मुख्य तेच आहे.

एका डब्यात कोंबलेल्या या घटकांचं आयुर्मान सारखं नसतं. चांगला स्पीकर तीस वर्षं वाजतो. चांगला अ‍ॅम्प्लिफायर, मधे एखादी दुरुस्ती धरून, तेवढाच टिकतो. जुने क्वाड आणि एनएडी आजही वाजताहेत. पण टाकीचं तंत्रज्ञान दर पाच-सात वर्षांनी कात टाकतं. आपल्यातल्या कितीतरी घरांत आयपॉड वरून खोचायचा स्पीकर-डबा होता. आठवतो? २०१२ मध्ये आयफोन ५ बरोबर अ‍ॅपलने ते रुंद सॉकेट बदललं आणि तो डबा एका दिवसात परका झाला. पुढे २०२३ मध्ये आयफोन १५ बरोबर तेही सॉकेट बदललं. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स हे लोकप्रिय यंत्र २०१२ मध्ये बंद केलं आणि त्याची ऑनलाइन सेवा २०२४ मध्ये थांबवली. सोनोसने २०२० मध्ये आपल्या काही जुन्या यंत्रांना नव्या सुधारणा देणं थांबवलं. त्यात कनेक्ट-अ‍ॅम्पच्या जुन्या आवृत्त्याही होत्या, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर पोटात असलेलं यंत्र. जुन्या अ‍ॅपवर ती चालू राहिली, पण नव्या यंत्रांच्या पंगतीतून उठली. पंप ठणठणीत होता, टाकी म्हातारी झाली.

म्हणून माझं मत असं, की ज्यांचं आयुष्य सारखं त्यांना खुशाल एकत्र नांदू द्या, ज्यांचं वेगळं त्यांच्या चुली वेगळ्या ठेवा. नळ आणि पंप समवयस्क आहेत, त्यांची इंटिग्रेटेड जोडी उत्तम. टाकी मात्र बाहेर ठेवा. छोटासा वेगळा स्ट्रीमर घ्या. तो जुना झाला तर बदलायला घरातली मोठी गुंतवणूक हलवावी लागत नाही.

आपल्या इथल्या राहणीलाही हे मानवतं. भाडं वाढलं की घर बदलायचं, नोकरी बदलली की अमिरात बदलायचं, हे आपल्या पाचवीला पुजलेलं. दर वेळी पाच पेट्या आणि वायरींचं जंजाळ सोडवून पुन्हा जोडणं हा सुट्या घटकांच्या पंथातल्या भाविकांनाही नकोसा उद्योग. परत जाताना यूएई आणि भारत दोन्हीकडे वीज २३० व्होल्टच्या आसपास आणि ५० हर्ट्झ असल्याने यंत्र तसंच चालतं, फक्त आपला चौकोनी पिनांचा प्लग बदलावा लागतो. अमेरिकेहून मात्र कोणी १२० व्होल्टचं यंत्र स्वस्तात आणून देत असेल तर मागची पट्टी वाचल्याशिवाय भिंतीत खोचू नका. वॉरंटी बहुधा विकत घेतलेल्या देशापुरतीच असते, हेही आधी विचारून घ्या.

आणि उन्हाळा. जुलै-ऑगस्टमध्ये आपण गावी जातो, एसी बंद, घर तापलेलं. अ‍ॅम्प्लिफायरमधल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. जाताना स्टँडबायवर न ठेवता प्लगच काढून ठेवा. एरवीही यंत्र बंद कपाटात कोंडू नका, वर चार बोटं मोकळी जागा ठेवा आणि वाळूचं वादळ येऊन गेलं की जाळीवरची धूळ पुसा. डबे जितके जास्त, तितकी ही सेवा जास्त.

यापुढची कसोटी मी आजीची कसोटी म्हणतो. भारतातून आई किंवा सासूबाई दोन-तीन महिन्यांसाठी येतात. मुलगा-सून ऑफिसात, नातवंडं शाळेत, दुपार लांबलचक. त्यांना स्वतःहून नाट्यसंगीत लावता येतं का? सुट्या घटकांत कुठलं बटण आधी आणि कुठलं नंतर, हे कागदावर लिहून ठेवावं लागतं. ऑल-इन-वनचं अ‍ॅप मुलाच्या फोनमध्ये, आणि फोन मुलाबरोबर ऑफिसात. साध्या इंटिग्रेटेडला एक कळ चालू करायला, एक आवाजाला. शेजारी सीडी प्लेयर. ज्या यंत्रावर आजीला दुपारी गाणं लावता येत नाही ते कितीही थोर असलं तरी आपल्या घराचं नव्हे, असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट मागच्या बाजूला पाहायला विसरू नका. तिथे साध्या, जुन्या पद्धतीच्या लाल-पांढऱ्या इनपुटच्या जोड्या किती आहेत? नव्या ऑल-इन-वनमध्ये पुष्कळदा एखादीच असते. इंटिग्रेटेडमध्ये तीन-चार सहज. तुम्ही म्हणाल, कशाला हव्यात? आखातात आलेल्या पहिल्या पिढीला फोन परवडत नसे, तेव्हा कॅसेटवर बोलून पत्रं पाठवली जात. इकडून नवरा बोले, तिकडून आई, बायको, पोरं. अशा कॅसेटी अजून कुणाकुणाच्या बॅगेच्या तळाशी आहेत. त्या आवाजांतली काही माणसं आता नाहीत. ती कुठल्याही स्ट्रीमिंग सेवेवर सापडणार नाहीत. चालू अवस्थेतला कॅसेट डेक आणि त्याची वायर खोचायला एक सॉकेट, एवढ्यावर तो आवाज अवलंबून आहे. फिती वर्षागणिक झिजताहेत, त्या वाजवून संगणकावर उतरवून घ्यायच्या तर हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलण्यासारखं नाही.

अपवाद आहेतच. एखादा एकटा जीव दोन वर्षांच्या करारावर आला असेल, खोली वाटून राहत असेल, तर त्याने छोटा ऑल-इन-वन खुशाल घ्यावा. यंत्र म्हातारं होण्याआधी करार संपेल. कुणाचा प्रशस्त व्हिला असेल, स्पीकर मोठे आणि हट्टी असतील, आणि वायरी जोडण्यातच ज्याला शनिवार-रविवारचा आनंद मिळत असेल, त्याने सुटे घटक घ्यावेत. छंदाला हिशोब लावू नये. पण बाकीच्या आपल्यासारख्यांसाठी एक मध्यम, जास्त इनपुट असलेला इंटिग्रेटेड, कान लावून निवडलेले स्पीकर आणि बाहेर ठेवलेला छोटा स्ट्रीमर, एवढं पुरे.

या सगळ्या वादात एक तिसरा पक्ष कायम जिंकत आला आहे. त्याचं नाव 'परत गेल्यावर घेऊ'. पुण्याच्या फ्लॅटचा ताबा मिळाल्यावर घेऊ, मुलांचं शिक्षण झाल्यावर घेऊ. दोन वर्षांसाठी आलेल्यांची पंचवीस वर्षं होतात, मुलं टोरांटो नाहीतर मेलबर्नला जातात आणि त्यांनी घरात कुमारांचा स्वर कधी धड ऐकलेलाच नसतो. फोनमधून ऐकलेला असतो, रहदारीत. मुलांना शास्त्रीय संगीताची गोडी नाही म्हणून आपण हळहळतो, पण तानपुऱ्याची वलयं त्यांच्या कानावर कधी पडली, हे आपण विचारत नाही.

तेव्हा डबा एक असो वा तीन, या दिवाळीत घ्या. आपलं ध्वनिमुद्रण घेऊन दुकानात जा, बरोबर मुलांनाही न्या आणि पहिली दोन मिनिटं तानपुरा ऐका. कुणाला यंत्र निवडताना चार कान जास्त हवे असतील तर मंडळात तुमच्याबरोबर येणारे रसिक कमी नाहीत. चहा मात्र तुमचा.